इसाक्वा सॅमन हॅचरीतील स्वयंसेवक काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

सिएटलजवळच्या इसाक्वा येथील सॅमन हॅचरीत, म्हणजे सॅमन माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, आपण माझ्या आईला मराठीतून जी माहिती दिलीत, तिच्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना इथली मराठी मंडळी हौसेने तिथे नेतात. परंतु सांगणारे कोणी नसेल, तर काचेपलीकडचे मोठे मासे पाहून, फोटो काढून सगळे परततात.

आई कोकणातली. पहिल्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांकडे चढणारे मासे तिने लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे, चिनूक आणि कोहो हे सॅमन समुद्रातून बॅलार्डच्या लॉकमार्गे (समुद्र आणि सरोवरे यांच्यामधल्या बोटींच्या जलद्वारातून), वॉशिंग्टन आणि समामिश ही सरोवरे ओलांडून, जिथे वाढले त्याच ओढ्यात वासाच्या ओळखीने परत येतात, हे तिला लगेच पटले. "म्हणजे हे चढणीचेच मासे," असे ती म्हणाली, तेव्हा आपणही हसून दुजोरा दिलात.

मादीला मारून, पोट चिरून केशरी गाबोळी बादलीत काढताना पाहिल्यावर मात्र ती अस्वस्थ झाली. "एवढी पोहून आली, तिला मारायचं कशाला?" हा तिचा प्रश्न आपण टाळला नाहीत, याचे मला विशेष वाटते. गोड्या पाण्यात शिरलेला सॅमन खाणे थांबवतो आणि अंडी घातल्यावर थोड्याच दिवसांत मरतो. ती अंडी नराच्या शुक्ररसात मिसळून वाहत्या थंड पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवली, तर ओढ्यातल्यापेक्षा कितीतरी अधिक पिल्ले जगतात, हे आपण सावकाश समजावलेत. बरणीतल्या वाटाण्याएवढ्या अंड्यातले दोन काळे ठिपके म्हणजे पिल्लाचे डोळे, हे कळल्यावर आईने बरणी बराच वेळ हातातून सोडली नाही.

हॅचरीची नुसती स्तुती आपण केली नाहीत, हेही आवडले. लाकूडतोड आणि कोळशाच्या खाणींमुळे ओढ्यातले मासे जवळजवळ संपल्यावर १९३६ साली ती उभारावी लागली, आणि निरोगी ओढ्याला ती पर्याय नव्हे, हे आपण स्पष्ट सांगितलेत.

पुढच्या हंगामात आणखी काही कुटुंबांना आपण हॅचरीत कामावर असाल त्या दिवशीच घेऊन येण्याचा विचार आहे. आपली हरकत नसेल, तर तसे आधी कळवीन.

आपली कृतज्ञ,
एक सिएटलवासी