‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ एवढ्या एका ओळीवर खरेदी नको

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

चतुर्थी जवळ आली की पणजी, म्हापसा, मडगावच्या संगणक दुकानांत गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड विचारायला मुले आणि त्यांचे पालक येऊ लागतात. खरेदी पंधरा-वीस हजारांची असते, पण हाती पडणाऱ्या कोटेशनवर बरेचदा ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ एवढेच लिहिलेले असते. तेवढ्यावर पैसे मोजू नयेत, ही पालकांना कळकळीची विनंती.

कार्डावर मेमरी किती, एवढेच जीबीवरून समजते. चिप कोणती आणि मेमरीचा वेग किती, हे समजत नाही. २०१४ सालचे एनव्हिडिया कंपनीचे जीटी ७३० कार्ड अजूनही ४ जीबीच्या खोक्यात विकले जाते. त्याच्या पिढीतल्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. आजच्या गेमसाठी ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. नाव एकच असूनही माल वेगळा असू शकतो. जीटी १०३० च्या जीडीडीआर५ प्रकारात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, तर डीडीआर४ प्रकारात जेमतेम १७. आरटीएक्स ३०५० चेही तसेच. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर (चिपमधले गणना करणारे घटक) आणि १२८ बिट रुंदीच्या मार्गाची मेमरी, ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. फरक केवळ दोन जीबीचा नाही.

तरीही ६ जीबीच्या ३०५० ची एक जागा पक्की आहे. हे कार्ड ७० वॉटवर चालते आणि मदरबोर्डाचा स्लॉट ७५ वॉटपर्यंत वीज देतो, त्यामुळे बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. कार्यालयांतून निघालेले डेल, एचपीचे जुने संगणक अनेक घरांत आहेत. त्यांचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कंपनीच्या खास आकाराचा असतो, बाजारातला सहसा बसत नाही. अशा मशीनला हेच कार्ड योग्य. कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) मॉडेल घ्यावे आणि खोक्यात अर्ध्या उंचीची पट्टी आहे ना, ते दुकानातच पाहावे.

खरी फसगत एसएमपीएसमध्ये होते. बाहेर ‘४५० वॉट’ छापलेले असते, पण ग्राफिक्स कार्ड वीज घेते ती प्रामुख्याने १२ व्होल्टच्या लाइनवरून. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर हाती २१६ वॉटच आहेत, आणि त्यात प्रोसेसरही आला. अशा एसएमपीएसवर डेस्कटॉप सुरळीत दिसतो, गेममध्ये भार वाढला की स्क्रीन काळी होते किंवा मशीन रीस्टार्ट होते, आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो. ग्राफिक्स कार्डासाठीची पीसीआयई वीज केबल नसताना हार्डडिस्कच्या चार पिनी वायरवरून जोडणी करून देतात, ती तर घेऊच नये. कनेक्टर तापून वितळतो.

स्वतंत्र, भरवशाचा ४५० ते ५०० वॉटचा एसएमपीएस असेल तर १०८० पी (फुल एचडी) गेमसाठी आमची पसंती एएमडीच्या आरएक्स ६६०० ला. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, सहसा आठ पिनांची एक केबल. त्याऐवजी स्वस्त म्हणून ४ जीबीचे आरएक्स ६५०० एक्सटी सुचवले जाते. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती वाहणाऱ्या लेनपैकी ते फक्त चार वापरते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे मदरबोर्ड पीसीआयई ३.० या जुन्या, निम्म्या वेगाच्या स्लॉटचे असल्याने तिथे त्याचा मार्ग निम्माच उरतो. मेमरी भरली की गेम अडखळू लागतो. इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० आकर्षक आहे, पण बायोसमध्ये (मूळ सॉफ्टवेअरमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, नसलेल्या जुन्या मशीनवर त्याचा वेग फार पडतो.

कार्ड बदलायची गरज आहे का, हेही आधी घरीच तपासता येते. गेम चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर पाहा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर नव्या कार्डाने फरक पडेल. ५०-६० वर अडकला असेल आणि रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा एकाच स्टिकवर चालणाऱ्या रॅमची आहे.

जुने कार्ड घेणाऱ्यांनी गोव्याची हवा लक्षात ठेवावी. किनारपट्टीवर खारट दमटपणाने हीटसिंकच्या पात्या काळवंडतात, स्क्रू गंजतात, पोर्टांवर हिरवट थर चढतो. टॉर्च लावून पाहा. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिपचे नाव तपासा, कारण जुन्या चिपचे बायोस बदलून ती नव्या नावाने विकली जाते. मग अर्धा तास भार देऊन चालवा. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन मिळवण्याचे काम (मायनिंग) बंद झाल्यावर दिवसरात्र राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. त्यांचे पंखे आणि थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) आधी जातात. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा यूपीएस हवाच, पण ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो आणि बॅटरी जुनी झाली की तेवढेही नाही.

नवे कार्ड लावल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडावी, मदरबोर्डाला नव्हे. नव्या कार्डांना जुन्या मॉनिटरचा व्हीजीए पोर्ट नसतो, म्हणून तसा मॉनिटर असेल तर सिग्नल बदलून देणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा.

दुकानदारांकडे एक मागणी आहे. कोटेशनवर आणि जीएसटी बिलावर कार्डाचे पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि वॉट लिहावेत. बिलावर सीरियल नंबरही हवा. वॉरंटीत कार्ड गोव्यातच घेतले जाईल की बाहेर पाठवावे लागेल, आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हे पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाला सांगावे.

आपले,
संगणक जोडणी व दुरुस्ती करणारे काही वाचक,
फोंडा