खोली दाखवण्याआधी आडनाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संविधान दिनाच्या पुरवणीतला मूलभूत हक्कांवरचा लेख आवडला, पण कलम 15 तिथे सरकारपाशीच थांबलं. त्याचं दुसरं पोटकलम तुम्हाआम्हालाही बांधतं. दुकान, उपाहारगृह, हॉटेल, करमणुकीची जागा, इथे धर्म किंवा जात बघून कोणालाही अडवता येत नाही.

ते वाचताना बडोद्याच्या माणसाला 1917 साल आठवतंच. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून बाबासाहेब संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले आणि राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. दोन मित्रांना विचारलं, दोघांनीही टाळलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून होते.

तशा विश्रामगृहाला आज 15(2) लागू आहे. माझ्या माडीवरची खोली मात्र त्यात सरळसरळ येत नाही.

गेल्या जूनमध्ये दलाल एका मुलीला घेऊन आला. नांदेडची, इथे युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालेला. ती वर खोली बघत होती तेव्हा हा जिन्यात हळूच म्हणाला, "मावशी, आडनाव विचारून घ्या, मागाहून कटकट नको." ती खाली आली ती हातात आधार कार्ड धरूनच. कोणी मागितलं नव्हतं. आधीच्या तीन घरी तिला "कालच गेली हो खोली" असं सांगितलं होतं. मी तिला ठेवून घेतलं. पण तिने न मागता पुढे केलेलं ते कार्ड माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

दलालाला ठाऊक नसेल, मलाही तेव्हा नव्हतं: नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 4 प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला घर घेण्या-राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद, शिवाय दंड. अडवलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कारण अस्पृश्यतेचंच होतं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे अडवणाऱ्याने सिद्ध करायचं.

धर्मावरून खोली नाकारली तर असा कायदाही हाताशी नाही. उलट 2005 साली आपल्याच राज्यातल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. ही उणीव विधिमंडळानेच भरून काढायला हवी, आणि त्यासाठी आपल्या पत्राने आवाज उठवावा असं मला मनापासून वाटतं.

तोवर एक काम लगेच होण्यासारखं आहे. भाडेकरू ठेवला की त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. त्या फॉर्मवर कलम 4 गुजराती, हिंदी आणि मराठीत छापावं. घरमालक सही करतो त्या जागेच्या अगदी वर.

आपली,
एक घरमालकीण
दांडिया बाजार, बडोदे