रेकॉर्डरचं काय ठरवलं ते

चि. बाळू, अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअपवर टीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या दोन बॉक्सचे फोटो पाठवलेस आणि यातला कोणता पाहिजे सांग, महिन्याचं मी भरतो म्हणलास, ते बघितलं. फोनवर बोलताना निम्मं राहून जातंय म्हणून सगळं टाइप करायलेय. मोठं होईल पण पूर्ण वाच.

रेकॉर्डर पाहिजेच, त्यात वाद नाही. संध्याकाळी सात ते नऊ हाच माझा गिऱ्हाइकांचा वेळ, नोकरीवरून सुटलेल्या बायका तेव्हाच ब्लाऊज न्यायला येतात, कुणाला मुंढा सैल पाहिजे, कुणाला उभ्या उभ्या फॉल लावून पाहिजे, आणि पिकोची मशीन सुरू झाली की टीव्हीतलं एक वाक्य धड ऐकू येत नाही. दिवसभर मान खाली घालून बसल्यावर रात्री जेवणानंतर अर्धा तास आपली मालिका निवांत बघावी एवढंच मला पाहिजे. आजीची मालिका वेगळी, माझी वेगळी, आणि दोन्ही आठलाच.

आता पैशाचं. मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी रिचार्ज लिहून ठेवते हे तुला माहिताय, 2019 पासूनचं सगळं आहे त्यात. त्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे टीव्हीवाल्या कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम लागू झाले, आपलं चॅनल आपण निवडायचं म्हणून मोठा गाजावाजा झाला, पण पैशाचं एकही चॅनल न घेता नुसत्या कनेक्शनचे जास्तीत जास्त 130 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, आणि निवडलेल्या चॅनलचे त्याच्यावर. 2024 ला ट्रायनं ती 130 ची मर्यादा पण काढून टाकली. म्हणून बॉक्स केवढ्याला हे मी नंतर बघते, आधी महिन्याचं बघते.

काल गंजगोलाईतल्या आपल्या नेहमीच्या दुकानात जाऊन दोन्हीचे भाव काढले. हार्डडिस्कवाला 4500 ला आणि महिना 420. पेनड्राईव्ह लावायचा तो 1600 ला आणि महिना 310. आपण बॉक्स पाच वर्षं तरी वापरणार, मग पहिल्याचे 60 महिन्यांचे 25200 आणि बॉक्सचे धरून 29700 झाले, दुसऱ्याचे 18600, बॉक्स आणि पेनड्राईव्ह धरून 20800 च्या आसपास. फरक नऊ हजाराला शंभर कमी. अस्तरच्या ब्लाऊजचे मी 300 घेते, म्हणजे तीस ब्लाऊज. तू भरतो म्हणलास तरी तुझे पैसे पण कष्टाचेच आहेत ना, तिकडं रूमचं भाडं, मेसचं, गाडीचा हप्ता, मला काय दिसत नाही का.

आणि त्या जास्तीच्या पैशात मिळायलंय काय तर 500 जीबी. दुकानातला पोरगा म्हणला एचडीत तासाला साधारण तीन-साडेतीन जीबी लागतात, म्हणजे दीडशे तास. मी दीडशे तास साठवून काय करू? रोजचा अर्धा तास, बघितलं की पुसलं. 64 चा पेनड्राईव्ह लावला तर वीस तास मावतात, त्यात माझे आणि आजीचे अडीच आठवडे आरामात निघतात. हां, हार्डडिस्कवाल्यात एक सोय खरी आहे, एक चॅनल रेकॉर्ड होताना दुसरं बघता येतं, कारण त्यात चॅनल पकडणारे दोन ट्यूनर असतात आणि छत्रीपासून दोन वायरी घ्याव्या लागतात. साध्यात जे रेकॉर्ड होतंय तेच बघत बसावं लागतं. पण मालिकेचा रिपीट दुसऱ्या दिवशी लागतोच की. आजीनं आठला तिची बघावी आणि माझी रिपीटची वेळ रेकॉर्डला लावून टाकायची. एवढ्या साठी तीस ब्लाऊज नाही घालवायचे.

लाईटचं तू विसरला असशील पुण्यात राहून. इथं लाईट गेली की रेकॉर्डिंग जिथल्या तिथं तुटतंय, आली तरी बॉक्स चालू होऊन सिग्नल धरेपर्यंत पाच मिनिटं जातात आणि नेमकी तीच महत्त्वाची असतात. म्हणून कोणताही घेतला तरी बॉक्सची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात पाहिजे, टीव्हीची नसली तरी चालेल, बॉक्सला करंट लई लागत नाही. पावसाचा इलाज मात्र कुणाकडंच नाही. परतीचा पाऊस जोरात आला की छत्रीला सिग्नल येत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता काळा पडदा येतो.

बाळू, आता खरं कारण सांगते ज्याच्यामुळं मी एवढं खोलात शिरले.

2016 चा एप्रिल आठवतोय ना, मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं. त्या आठवड्यात आपल्या गल्लीत चॅनलवाले आले होते. आजोबा टँकरच्या लाईनीत उभे होते, डोक्यावर ओला पंचा, एक हात निळ्या ड्रमवर, आणि त्या पोरीनं माईक पुढं धरल्यावर आजोबा म्हणले, "बाई, पाण्याचं आम्हाला विचारू नका, आमच्या सुनंला विचारा, ती रात्री दोनला उठती." आणि कॅमेरा माझ्याकडं वळला, माझ्या काखेत घागर, मला तर एक शब्द सुचला नाही. संध्याकाळच्या बातम्यांत दाखवलं, पाऊण मिनिट. तुझ्या पप्पांनी लाल बटन दाबून बॉक्समध्ये घेतलं होतं. आजोबा पाहुण्यांना चहा झाला की हटकून ते लावायला सांगायचे.

आजोबा 2018 ला गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी दुष्काळ, सोयाबीन हाती लागलं नाही, दोन महिने रिचार्ज केला नाही. रिचार्ज संपल्यावर चॅनल बंद होतात ते माहीत होतं, पण आपल्याच घरात रेकॉर्ड केलेलं पण उघडत नाही हे तेव्हा कळलं. म्हणलं पैसे आले की भरू, लागेल परत. तेवढ्यात बॉक्सच बिघडला. कंपनीचा माणूस आला आणि नवा लावून जुना घेऊन गेला, मी म्हणलं आत आमचं रेकॉर्डिंग आहे हो, तर म्हणला मावशी, बॉक्स कंपनीचा असतो, तुम्ही वापरायचे पैसे देता, आणि आतलं दुसऱ्या बॉक्सवर लागत पण नाही. मी दारात उभी राहिले आणि तो बॉक्स बॅगेत टाकून गाडीवर गेला. आजोबांचा आवाज आता आपल्याकडं कुठंच नाही.

पेनड्राईव्ह असला म्हणजे आपला असं पण समजू नको. महिन्याच्या पैशावाल्या बॉक्सचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला कुलूपबंद असतंय, दुसरीकडं लावलं की उघडत नाही, उलट नवा बॉक्स पेनड्राईव्ह फॉरमॅट कर म्हणतो. मालिकेसाठी ते चालतंय, मालिका पुसायचीच असते.

आणि तू म्हणलास छत्रीच काढून टाका, वायफाय घ्या, सगळं मोबाईलवर मिळतंय. तुझं तिथं बरोबर असेल. इथं रस्ता खोदला की वायर तुटते आणि चार दिवस कुणी येत नाही, आणि ॲपचा महिना संपला की तिथलं पण बंदच होतंय. आजीला रिमोटची दोन बटनं कशीबशी जमतात, तिला आता ॲप शिकवायला लावू नको.

तर माझं असं ठरलंय. पुढच्या खोलीत पेनड्राईव्हवाला, महिना 310. आणि आजीच्या खोलीत दुसरं कनेक्शन नको, दूरदर्शनची फ्री डिश बसवू. एकदाच बॉक्स आणि छत्रीचे पैसे, महिन्याला रुपया नाही, 2004 पासून चालू आहे ती सेवा. सह्याद्री आहे त्यात, बाकीची चॅनल लिलावात येतात जातात, आजीची मालिका त्यात नाही, ती आठला पुढच्या खोलीत येऊन बघेल. पण कीर्तनं, शेतीचं, बातम्या तिला पडल्या पडल्या बघता येतील. आणि अशा फुकटच्या बॉक्सला यूएसबीची जागा असली तर त्यात रेकॉर्ड केलेलं बऱ्याचदा कॉम्प्युटरवर पण उघडतंय. दुकानातल्या पोरानं माझ्यासमोर लावून दाखवलं, फाईल सरळ लॅपटॉपवर चालली. काही जपून ठेवायसारखं आलं तर ते त्याच्यावरच घ्यायचं आणि तुला पाठवायचं, तू चार ठिकाणी ठेव.

तुझ्याकडून एकच काम. कंपनीला फोन लावून तीन गोष्टी विचार. बॉक्स आपल्या मालकीचा का त्यांचा, रिचार्ज नसताना रेकॉर्डिंग लागतं का, आणि बॉक्स बिघडला तर आतल्याचं काय. तोंडी नको, मेसेजवर लिहून घे. काय उत्तर आलं ते मला पाठव, मग मी दुकानात पैसे देते, तोपर्यंत नाही.

64 चे दोन पेनड्राईव्ह दिवाळीला येताना तिकडूनच आण, इथं जास्त सांगायलेत. आणि तुझं निळं शर्ट उसवलेलं होतं ते बॅगेत टाक, बटनं पण लावून देते.

तुझी आई