तीनच डिस्क घे

टाम्पेरे, फिनलंड

चि. सोन्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. इथे येऊन डिस्क गोल्फ, म्हणजे कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये टाकायचा खेळ, खेळायचा म्हणून तू पाठवलेली डिस्कची यादीही पाहिली. बारा डिस्क, त्यातल्या आठ ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या! फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून बसून लिहितो. सोन्या, पहिल्या वर्षी तीनच डिस्क घे.

तू पुण्यात अल्टिमेट, तो डिस्क एकमेकांकडे फेकून झेलायचा सांघिक खेळ, खेळतोस, म्हणजे मनगट तयार आहे. पण तुमची डिस्क वेगळी आणि गोल्फची वेगळी. तुमची 175 ग्रॅमची, 27 सेंटिमीटरच्या आसपास रुंद, कड जाड आणि गोल, कारण ती तरंगत जाऊन कुणाच्या तरी हातात पडायची असते. गोल्फची डिस्क साधारण 21 सेंटिमीटर, पण वजनाला जवळजवळ तेवढीच. नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही. 21 ने गुणून बघ, 174 येतात. वजन तेच, आकार लहान आणि कड निमुळती, त्यामुळे ड्रायव्हर हवा कापत जाते. अशी निमुळती कड डेव्ह डनिपेस यांनी 1983 मध्ये ‘ईगल’ या डिस्कला दिली आणि खेळच बदलला. ड्रायव्हर अंगावर आली तर सवयीने झेलायला जाऊ नकोस, बोटं सुजतील.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. दुकानात सगळेजण पहिल्याच आकड्याला भुलतात. स्पीड म्हणजे ती डिस्क किती वेगात जाईल ते नव्हे. तिने ठरल्याप्रमाणे उडावं म्हणून तुला तिला किती वेग द्यावा लागेल, ते तो आकडा सांगतो. ग्लाइड म्हणजे ती हवेत किती टिकते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलीस की वेगात असताना ती उजवीकडे कलते, तो टर्न. वेग उतरला की डावीकडे झुकत खाली येते, तो फेड. तुझ्या यादीतली ‘डिस्ट्रॉयर’ बघ: 12, 5, उणे 1, 3. तेवढा वेग हातात नसेल तर टर्न येतच नाही, फेड मात्र लगेच सुरू होतो आणि डिस्क डावीकडच्या झाडीत जाते. मग नवा खेळाडू ती जबरदस्तीने उजवीकडे तिरकी धरून फेकायला लागतो आणि ती खोड पुढे सुटता सुटत नाही. हे मी इथे कितीतरी पोरांचं पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळतो.

म्हणून एक पटर, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायचा, ‘एव्हिआर’सारखा: 2, 3, 0, 1. एक मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची, ‘बझ’: 5, 4, उणे 1, 1. आणि एक हळू ड्रायव्हर, ‘लेपर्ड’: 6, 5, उणे 2, 1. बास. या तिन्ही डिस्क तुझ्या हाताची चूक जशीच्या तशी दाखवतात. सोडताना मनगट वाकडं झालं तर ‘बझ’ वाकडीच जाईल, आणि तुला ते लगेच कळेल. हे कळणंच पहिल्या वर्षाची कमाई आहे.

पटर दुसऱ्या दोघींपेक्षा जास्त वापर. घराजवळच्या मैदानावर नुसता पटर घेऊन पूर्ण फेरी खेळलास तरी चालेल, मी तर म्हणेन मुद्दाम खेळ. बास्केटपासून दहा मीटरच्या आत नियम कडक आहे: फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. तुला फेकता फेकता पुढे धावायची सवय आहे, ती तेवढी मोडावी लागेल.

प्लॅस्टिकचंही बघून घे. साधं प्लॅस्टिक स्वस्त, हाताला चिकटून राहणारं, पण झाडांवर आपटून लवकर झिजतं. महागडं टिकतं, पण थंडीत दगडासारखं कडक होतं आणि बोटांतून निसटतं. इथे हिवाळाभर लोक खेळतात, उणे दहातही. पटर साध्या प्लॅस्टिकचाच घे. बाकीच्या दोन टिकाऊ असू देत, कारण इथले बहुतेक मार्ग पाइन आणि बर्चच्या मधून जातात आणि झाडं चुकत नाहीत.

झिजण्यात एक गंमतही आहे. झिजत गेली तशी डिस्कची उजवीकडे कलण्याची ओढ वाढत जाते. म्हणून शेजारच्या नोकिया गावी, ‘द बीस्ट’ नावाच्या मैदानावर, मोठ्या स्पर्धेतल्या खेळाडूंच्या पाठपिशवीत वीसेक डिस्क दिसल्या तरी त्यात एकाच साच्याच्या कितीतरी असतात: एक कोरी, एक मुरलेली, एक पार झिजलेली. ते अनेक डिस्क बाळगत नाहीत, एकाच डिस्कची सगळी वयं बाळगतात. तुझी ‘बझ’ जुनी झाली की टाकू नकोस, तीच नवी आण आणि दोन्ही ठेव.

चौथी डिस्क घ्यायचीच झाली तर वाऱ्यासाठी घे. समोरून वारा असला की डिस्कला हवेचा वेग जास्त लागतो आणि ती नेहमीपेक्षा जास्त उजवीकडे उलटते, ‘लेपर्ड’ तर हमखास. तिथे ‘फायरबर्ड’सारखी हट्टी डिस्क लागते: 9, 3, 0, 4. पण आधी वारा ओळखायला शीक. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत उजेड असतो, वेळ भरपूर मिळेल.

प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला मार्करने नाव आणि फोन नंबर लिही. गवतात हरवलेली डिस्क सापडली की इथली माणसं मेसेज करतात. बर्फ पडला की डिस्कला लांब रिबीन चिकटवून फेकायची, नाहीतर ती थेट वसंतातच दिसते.

तिकडून डिस्क एकही आणू नकोस. तुझी अल्टिमेटची मात्र आण, आपण दोघं रविवारी खेळू. आणि दोन सुती पंचे आण. ओली डिस्क पुसायला पंच्यासारखं काही नाही, लवकर वाळतोही. ताईला सांग, तिन्ही डिस्क मिळून चाळीस-पन्नास युरोत होतात आणि बहुतेक मैदानांवर पैसे पडत नाहीत, तेव्हा खर्चाची काळजी करू नकोस म्हणावं.

आजीला साष्टांग नमस्कार. तिकीट काढलंस की तारीख कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
मामा