हाउटिंग नामशेष की नावाचा घोळ?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत युरोपातून कायमच्या गेलेल्या माशांच्या चौकटीत हाउटिंगचे नाव वाचले. या माशाबाबत तेवढे एकच वाक्य पुरत नाही, म्हणून हे पत्र.

हाउटिंग म्हणजे उत्तर समुद्राकाठचा, लांब टोकदार नाकाचा मासा. समुद्राच्या मचूळ पाण्यात वाढायचा आणि हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालायला र्‍हाइनसारख्या नद्यांत चढायचा. प्रदूषण, बांध आणि बेसुमार मासेमारी यांपुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात र्‍हाइनमधला हाउटिंग संपला. पुढे कल्ल्यांच्या कमानीवरचे दाते मोजून तज्ज्ञांनी ठरवले की ही स्वतंत्र जात होती, डेन्मार्कमध्ये उरलेला मासा वेगळा. 2008 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत तिच्यापुढे 'नामशेष' असे लागले.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए आजच्या माशांशी ताडून पाहिला. नमुन्यांत, जीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसच्या काळातला, अडीचशे वर्षांपूर्वीचा वाळवलेला मासाही होता. जुना हाउटिंग आणि त्याच्याच गटातला आजचा व्हाइटफिश यांत वेगळ्या जातीएवढा फरक त्यांना आढळला नाही. जातच वेगळी नसेल, तर ती नामशेष कशी?

वर्गात कल्ल्यांतले दाते मी वर्षानुवर्षे मुलांकडून मोजून घेतले आहेत. एकाच जातीतही ती संख्या कमीजास्त भरते, म्हणून निव्वळ त्यावर जात ठरवणे मला पटत नाही. पण तपासलेला डीएनए मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे फक्त आईकडून आलेला. हिमयुगानंतर फुटलेल्या या व्हाइटफिशच्या शाखा इतक्या जवळच्या आहेत की तेवढ्यावर वाद मिटला असेही मी म्हणणार नाही.

मात्र या घोळात जिवंत माशाचे नुकसान होऊ शकते. युरोपीय संघाचा अधिवास कायदा उत्तर समुद्राच्या हाउटिंगला त्याच जुन्या शास्त्रीय नावाने संरक्षण देतो. ते नावच नामशेष ठरले, तर आज नदीत चढणारा मासा कुणाचा?

आणि 'परत आला' असेही कृपया छापू नये. र्‍हाइनमध्ये आज दिसणारे हाउटिंग डेन्मार्कच्या विडो नदीतल्या माशांपासून वाढवून 1990 च्या दशकापासून सोडलेल्या पिल्लांचे वंशज आहेत. र्‍हाइनची स्वतःची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट तुटली ती तुटलीच. डीएनए सारखा निघाला म्हणून ते नुकसान पुसले जात नाही.

पुढच्या रविवारी चौकटीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. हाउटिंगपुढे 'र्‍हाइनमधून गेला, जात म्हणून वादात' एवढे लिहिले तरी चालेल.

– एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका, सातारा