उत्स्फूर्त प्रतिसाद म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला संगीत परिषदेचा वृत्तान्त वाचला. चार कॉलम, तीन छायाचित्रे. 'प्रश्नोत्तरांच्या सत्राला श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' हे वाक्य आले तिथे मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. कारण तो प्रतिसाद द्यायला माइकपाशी जी रांग लागली होती, तिच्यात मी चौथा होतो. आमच्यापैकी दोघांनाच तोंड उघडता आले. पहिल्याने प्रश्न विचारण्याऐवजी स्वतःची चाल म्हणून दाखवली, अंतऱ्यासकट. दुसऱ्याने यशाचे रहस्य विचारले. 'मेहनत आणि स्वतःवर विश्वास,' पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या, सूत्रसंचालकांनी घड्याळ पाहिले आणि वेळेअभावी सत्र आवरते घेतले. त्याआधी पाहुण्यांची ओळख करून देण्यात वीस मिनिटे गेली होती. आपले वार्ताहर बहुधा ती ओळख संपताच निघाले असावेत. त्यांना दोष देत नाही, मलाही तो मोह झाला होता.

माझा प्रश्न अगदी साधा होता. मी व्हायोलिन वाजवतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवले आणि काही वर्षांपूर्वी एकदाची स्वतःची एक धून ध्वनिमुद्रित करून स्ट्रीमिंगवर टाकली. पुढे गाणी स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोचवणारा डिस्ट्रिब्युटर बदलला. नव्याच्या फॉर्मवर 'आयएसआरसी', म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख-नंबर, असा एक रकाना होता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, नसल्यास रिकामा सोडा, आम्ही देऊ. देतायत तर घेऊ या, म्हणून मी सोडला. धून पुन्हा दिसू लागली तीच वाजण्याचा आकडा शून्य घेऊन. जुनी प्रत काढायचे मी आळसाने लांबवले, त्यामुळे एकच धून दोन ठिकाणी वाजत राहिली. वर्षाअखेर जुनीचे ६४० आणि नवीचे ५८० भरले. स्पॉटिफायवर २०२४ पासून असा नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा वाजल्याशिवाय त्या ध्वनिमुद्रणाचे पैसे धरले जात नाहीत. म्हणजे दोन्ही प्रती उंबरठ्याच्या बाहेर आणि मी घरात बेरीज करत बसलेला. रक्कम किती बुडाली ते विचारू नका, सांगायला लाज वाटेल इतकी कमी आहे. पण हे असे का झाले, एवढे एक विचारायला मी प्रवेशशुल्क भरून दिवसभर त्या खुर्चीत बसलो होतो.

उत्तर मिळाले, पण व्यासपीठावरून नाही. सगळे पांगल्यावर मी तिथेच घुटमळत होतो. ध्वनिव्यवस्थेतला एक मुलगा खाली बसून केबल गुंडाळत होता. एक वेढा वरून, पुढचा खालून, म्हणजे पीळ पडत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ सुटते. गुंडाळी झाली की काळ्या टेपचा तुकडा दाताने तोडून बांधायचा. बोलता बोलता कळले की तोही रात्री घरी बसून स्वतःचे ट्रॅक करतो. मी माझे रडगाणे सुरू केले. मान वर न करता तो म्हणाला, "काका, नंबर जुनाच द्यायचा असतो. गाडी विकली म्हणून चॅसिस नंबर बदलतो का?"

मग खिशातून फोन काढून त्याने मला स्वतःच्या ट्रॅकचा नंबर दाखवला. अक्षरे-अंक मिळून बारा. मधले दोन अंक वर्षाचे, शेवटचे पाच त्या ध्वनिमुद्रणाचे. ध्वनिमुद्रण तेच असेल तर जन्मभर नंबर तोच, मग तुम्ही कितीही डिस्ट्रिब्युटर बदला. रीमिक्स केलेत, नव्याने वाजवलेत, तर मात्र नवा घ्यायचा. आणि जुनी प्रत कधी काढायची? नवी दिसायला लागल्यावर, त्याआधी नाही आणि फार नंतरही नाही. चार मिनिटांत संपले. 'संगीताचे भविष्य' या विषयावर पाच जण दीड तास बोलले, त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडी हा बारा अक्षरांचा नंबर आला नाही.

सगळ्यांनाच एका माळेत ओवत नाही. दुपारच्या सत्रात संगीत पब्लिशिंगमध्ये, म्हणजे रचनांचे हक्क सांभाळण्याच्या धंद्यात, काम करणाऱ्या एक बाई होत्या. आपल्या वृत्तान्तात त्यांचा उल्लेखच नाही, छायाचित्रात त्यांचा अर्धा खांदा तेवढा आला आहे. गाणे म्हणजे एक वस्तू नसते, दोन असतात, हे त्यांनी सरळ भाषेत सांगितले. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी वस्तू त्या रचनेचे ध्वनिमुद्रण. दोघांचे मालक वेगळे असू शकतात, पैसे वेगळ्या वाटांनी येतात आणि नंबरही वेगळे असतात. रचनेच्या नंबराची सुरुवात 'टी'ने होते. कुणी किती टक्के लिहिले याचा कागद स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी सह्या करून घ्यावा, असे त्या म्हणाल्या, कारण गाणे चालले की प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो. सभागृहात हशा पिकला. माझ्या शेजारचा एक गृहस्थ मात्र हसला नाही, त्याच्यावर ती वेळ येऊन गेली असावी.

एका स्ट्रीमला किती मिळतात, हा नेहमीचा प्रश्नही त्यांनी निकालात काढला. ठरलेला भाव बहुतेक ठिकाणी नसतोच. जमलेल्या पैशांतून आपल्या वाजण्याच्या प्रमाणात हिस्सा मिळतो, त्यामुळे दुसऱ्याचे गाणे तुफान चालले की आपले तेवढेच वाजूनही वाटा घटतो. पॅरिसच्या एका कॅफेची गोष्टही त्यांनी सांगितली. १८४७ साली बूर्जे नावाच्या गीतकाराने ले अँबासादर या कॅफेत स्वतःचीच रचना वाजताना ऐकली आणि बिल द्यायला नकार दिला. तुम्ही माझे फुकट वाजवता, मग मी तुमचे फुकट पितो, असा त्याचा हिशेब. कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १८५१ मध्ये रचनाकारांची संस्था उभी राहिली. हे ऐकताना माझ्या मनात आले, की सकाळपासून दोन सत्रांच्या मध्ये या सभागृहात जी धून वाजते आहे ती कुणाची? नंतर तीन स्वयंसेवकांना विचारले. एकाने सांगितले, "ती पेनड्राइव्हमध्ये होती."

तर त्या बाई १९६१ च्या रोम करारापर्यंत आल्या. गायक-वादकांच्या हक्कांना त्यात आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आता वादकांचे पैसे कुठे अडतात ते बघू, असे म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मी वही उघडली. तेवढ्यात दिवे मंद झाले आणि प्रायोजकांची चित्रफीत सुरू झाली. दिवे पुन्हा लागले तेव्हा पुढचे पाहुणे खुर्चीत होते. माझ्या वहीत 'वादकांचे पैसे' एवढेच आहे, पुढे रेघ.

परिषदांनी काय करावे हे सांगणारा मी कोण? पण त्या बाईंना दीड तास आणि केबलवाल्या मुलाला एक टेबल-खुर्ची दिली असती, तर शुल्क दुप्पट असते तरी मी भरले असते. बरे, कुरकुरत.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. आपल्या पुरवणीत नव्या गाण्यांवर सदर येते. त्यात गायकाचे नाव ठळक असते, संगीतकाराचे कधी असते कधी नसते, गीतकाराचे जागा उरली तर. संगीत संयोजकाचे आणि वादकांचे मी आजवर एकदाही पाहिलेले नाही, आणि मी त्या सदरात भिंग घेऊन शोधणारा माणूस आहे. याबद्दल पूर्वी एक पत्र धाडले होते. ते आपण छापलेत, पण खाली माझे नाव टाकायचे राहून गेले.

हेही पत्र जागेअभावी कापावे लागेल याची कल्पना आहे. माझी कुरकुर खुशाल कापा. चॅसिस नंबरचे वाक्य तेवढे राहू द्या. ते माझे नाही. ज्याचे आहे त्याचे नाव घालायचे म्हणून काल रात्री वही उघडली, तेव्हा लक्षात आले की मी ते विचारलेच नव्हते.

आपला,
एक व्हायोलिनवादक वाचक