बाबांचा तांब्या आणि नाथांचा रांजण

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुकाराम बीजेला कोण जातं पैठणला? जायचं तर नाथषष्ठीला." तेव्हा गप्प बसले. तुमच्याशी फोनवर वाद घालायचा तर आधी स्पीकर कुठे दाबायचा तेच सांगण्यात वेळ जातो. म्हणून पत्र.

षष्ठीला सुट्टी मिळत नव्हती, एवढंच खरं कारण. सकाळच्या एसटीने गेले, संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर. पिशवीत तुमचा तांब्या होता, बुडाशी पोचा आलेला. गोदेवर तो भरला आणि गावातल्या नाथवाड्यात, संत एकनाथांच्या राहत्या घरी गेले. तुकाराम बीजेला तिथे रांजणाची पूजा होते आणि त्या दिवसापासून तो भरायला घेतात. तुम्ही दिंडीबरोबर पोचायचात पंचमीला, तोवर तो भरत आलेला असायचा. पहिलं पाणी पडताना त्याच्या पोटात आवाज घुमतो, तो तुम्ही कधी ऐकलाय?

आई, मला तुझा श्रीखंड्या आठवला. उन्हाळ्यात टँकर आला की मला घागर देऊन पिटाळायचीस, "पळ गं माझ्या श्रीखंड्या!" नाथांच्या घरी देवच गडी होऊन राहिला आणि नदीचं पाणी याच रांजणात वाहत राहिला, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. तोवर श्रीखंड्या म्हणजे पाणी भरणारी पोर, एवढंच ठाऊक.

माझ्यापुढे एक आजी होत्या. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत पाणी आणलेलं. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते थेंब न सांडता ओतलं, मग बाटली उलटी करून झटकली. ज्याच्या पाण्याने रांजण भरून वाहतो त्याच्या रूपाने देव आला असं मानतात, मान देतात. त्यामुळे ओतून झालं की जो तो आत डोकावतो. पहिल्याच दिवशी काय भरणार? पण मीही डोकावले.

षष्ठीचं मोठेपण मला मान्य आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांची नाथांशी भेट, अनुग्रह, स्वामींचं निर्वाण आणि १५९९ सालची नाथांची जलसमाधी, पाचही गोष्टी फाल्गुन वद्य षष्ठीच्याच मानतात. मग निर्वाण दिंडी, अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी काल्याची हंडी. पण बाबा, त्या गर्दीत बाहेरच्या समाधीमंदिरापर्यंत चालणं आता तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही. आणि दोन वर्षांपूर्वी रांगेत तुम्हाला चक्कर आली होती, ते आईने सांगितलंय मला. (तिला ओरडू नका.)

तेव्हा पुढच्या वर्षी असं करा. होळीलाच दोघं माझ्याकडे या. पुरण आई घालेल, पोळ्या मी लाटीन, फाटल्या तर बोलायचं नाही. धुळवडीला आराम आणि दुसऱ्या दिवशी बीज. मला रांगेत जेमतेम अर्धा तास लागला. वाड्यातल्या विजयी पांडुरंगापुढेही निवांत उभं राहता आलं, कुणी "चला, चला" केलं नाही. समाधीमंदिराला आणि नागघाटाला रिक्षाने जाऊ. चालत न गेल्याचं पाप माझ्या नावावर लावा.

तांब्या चिंचेने घासून इथेच ठेवलाय. पोचा काढून घेऊ का, ते कळवा. आई नको म्हणेल, तिनेच पाडलाय ना तो?

तुमची,
छोटी